विळा नसलेले मुखपृष्ठ

माझी चित्रे आज पुण्या-मुंबईच्या मासिकांत छापून येतात. दिवाळीच्या सुमारास रेल्वे स्टेशनसमोरच्या स्टॉलवर माझी चार-पाच मुखपृष्ठे एका रांगेत टांगलेली असतात. मी नांदेड सोडलेले नाही. मी काय काढावे हे संपादक सांगतात; कसे काढावे हे आता कोणी सांगत नाही. पहिल्या मुखपृष्ठाच्या वेळी तसे नव्हते.

तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकात पाने लावत होते. रविवारच्या पुरवणीतल्या कथांना चित्रे काढणे हे जास्तीचे काम होते. ती चित्रे पाहून लातूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मुखपृष्ठ मागितले. विषय त्यांचाच होता: ज्वारीच्या रानातली बाई. मी कच्चे चित्र पाठवले. बाई दोन्ही हातांनी ज्वारीचे धाट उपटते आहे, चेहरा समोर, मागे आभाळ. त्यांचा फोन आला. "चेहरा फार छान आलाय, मॅडम. फक्त हातात विळा द्या."

आमच्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात. मी तसे सांगितले. ते म्हणाले, "विचार करा."

बातमीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. चित्राचा खुलासा कोणी छापत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी नायगावजवळच्या आमच्या गावी गेले आणि चित्र आईसमोर ठेवले. विळ्याच्या बाबतीत ती माझी बाजू घेईल याची मला खात्री होती.

तिने चित्र लांब धरून पाहिले. "ही काय करून राहिली?"

"ज्वारी उपटून राहिली."

"ही व्हय? ही तर देवळातली घंटी वाजवून राहिली."

मी हात धाटाच्या मध्यावर काढले होते. आई म्हणाली, "इथं धरलं की कटकन मोडतंय. मूळ न्हाई येत. बुडाला धरावं लागतंय. अन् हाताला फडकं कुठंय? सालटं निघतील की तिची."

दिवस भाद्रपदाचे होते. रानात सोयाबीन उभे होते, ज्वारी कुठेच नव्हती. मी चित्र आठवणीवर काढले होते आणि आठवण चुकली होती. आई अंगणात उतरली, पदर कमरेला खोचला आणि नसलेले धाट धरायला वाकली. मी वही उघडली.

"मग तोंड दिसंना की गं," मी म्हणाले.

"ज्वारी उपटताना कोण कुणाचं तोंड बघतंय?"

नव्या चित्रात चेहरा राहिला नाही. वाकलेली पाठ, फडके गुंडाळलेले हात, आणि काळ्या मातीतून अर्धे बाहेर आलेले मूळ. ते घेऊन मी लातूरला छापखान्यात गेले. संपादक तिथेच होते. उदगीरच्या अडत दुकानदाराचे ते चिरंजीव. ज्वारी त्यांनी पोत्यातच पाहिलेली.

"विळा तर नाहीच. आता चेहराही गेला?"

"खाली आहे, सर."

"मॅडम, लोक स्टॉलवर लांबून बघतात. बाईची पाठ बघून कोण अंक उचलणार?" त्यांच्या पिशवीत पुण्याच्या एका चित्रकाराचे तयार चित्र होते: पणती घेतलेली तरुणी. संध्याकाळपर्यंत मशीनला एक चित्र लागणार होते. पणती लागली असती तर मी पुरवणीतच राहिले असते.

माझे चित्र टेबलावर पडले होते. जेवणाची सुट्टी झाली. अंकाच्या छापील कागदांना घड्या घालणाऱ्या बायका डबे घेऊन तिथून निघाल्या आणि थांबल्या.

"अगं, हिची कंबर धरली बघ आज."

"फडकं बांधलंय. शहाणी हाय."

"पाठ तर माझ्या सासूचीच हाय. बरं झालं, तोंड न्हाई दावलं."

सगळ्या हसल्या. संपादक पुढे झाले. "हातात विळा नाही, हे खटकत नाही का तुम्हाला?"

"इळा कशाला?" सासूवाली म्हणाली. "इळ्यानं कापलं की धसकटं राहत्यात. मग त्या रानात तुम्ही चालून दावा, साहेब. अनवाणी."

संपादकांनी चित्र उचलले. आईने धरले होते तसे हातभर अंतरावर धरले. पिशवी त्यांनी उघडली नाही. मशीनवाल्याला म्हणाले, "हे लावा."

पहिले कागद बाहेर आले तेव्हा मातीचा काळा रंग हवा तसा उतरला होता. उजव्या कोपऱ्यात माझी सही होती. तो अंक दिवाळीच्या आधीच स्टॉलवरून संपला, आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्याहून दोन फोन आले. पण संपादक तेवढेही थांबले नव्हते. त्या संध्याकाळी, मशीन चालू असतानाच, त्या आवाजात ते मोठ्याने म्हणाले, "पुढच्या वर्षीही मुखपृष्ठ तुमचंच. पण चेहरा दाखवा बरं का."

"बाई काय काम करतेय ते आधी सांगा," मी म्हणाले. "दिसत असेल तर दाखवीन."