राखेची पारख

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो शिपाई, मूळचा घोटीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. भाताच्या तुसाच्या राखेतून सोलर सेलसाठी सिलिका काढायचं संशोधन आम्ही पुण्याच्या एका संस्थेबरोबर करत होतो. माझी राख दर वेळी काळी निघायची. तो ती चिमटीत चोळून म्हणायचा, "सर, लय घाई केली. तुसाला धुमसू द्यायचं असतं." माझ्या डॉक्टरेटला मिरच्या झोंबायच्या. त्या बोटांचा मला भयंकर हेवा वाटे.

प्रकल्प राहणार की जाणार, हे शेवटच्या नमुन्यावर होतं. मुकाट्याने तो नमुना जाळायला मी शिपायाकडे दिला. राख पिठासारखी पांढरी निघाली.

पुण्याच्या संस्थेतल्या मॅडम खूश. "कुणी केली ही?"

'मी' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "सरांनी."

खोटं बोलण्यातसुद्धा त्याने मला मागे टाकलं.