उतरताना घेते

सतरा नंबरच्या बसमध्ये कंडक्टर ताईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. दारात घुटमळणाऱ्याला त्या म्हणायच्या, "दार काय तुमच्या नावावर केलंय? आत जा, आत हवा फुकट आहे." आत गेलेल्याला म्हणायच्या, "आणखी आत." आवाज असा खणखणीत, की बसची घंटा वाजवायची गरजच पडू नये. ड्रायव्हर निवृत्तीला टेकलेला भला माणूस. लांबवर कुत्रं दिसलं तरी तो गाडी हळू करायचा, म्हणून सगळा डेपो त्याला ब्रेकमामा म्हणायचा. या दोघांनी मिळून सतरा नंबर इतकी वर्षं चालवली होती, की रस्त्यावरच्या खड्ड्यांशीसुद्धा त्यांची ओळख झाली होती.

सतरा नंबर डेपोतून निघायची, टायरच्या कारखान्यावरून, सरकारी दवाखान्यावरून जायची आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, रोजगार नोंदणी कार्यालयासमोर थांबायची. पूर्वी निम्मी बस कारखान्यापाशी रिकामी व्हायची. मग मंदी आली. कारखान्याची आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि एके दिवशी फाटकाला कुलूप दिसलं. माणसं मात्र तीच राहिली. तीच माणसं, त्याच बसमध्ये, त्याच बाकांवर. फक्त आता ती कारखान्यापाशी उतरत नव्हती. तो थांबा आला की सगळे एकदम पायांकडे बघायला लागायचे आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहायचे.

त्यांच्यात एक फिटर होता. अंगानं आडदांड, मिशा भरघोस, आणि सुट्टे पैसे आधीच मुठीत धरून बसणारा, म्हणून ताईंचा लाडका. एका सकाळी त्याची मूठ रिकामी होती. त्यानं शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. तिसऱ्यांदा त्याचा हात शर्टाकडे गेला तेव्हा ताईंना राहवलं नाही.

"राहू द्या हो, घाई काय आहे? उतरताना घेते," असं म्हणून त्या पुढे सरकल्या.

शेवटच्या थांब्यावर फिटर दारापाशी उभा राहिला. ताई खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्या भिंतीवर रंगाच्या कंपनीची जुनी, उडालेली जाहिरात होती, दुसरं काहीही नव्हतं. फिटर थोडा वेळ थांबला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली मान घालून उतरून गेला.

तिथून ती रीतच पडली. 'उतरताना घेते' म्हटलं, की ज्याला समजायचं त्याला समजायचं. कुणी आभार मानायचे नाहीत, कुणी हात जोडायचे नाहीत. शेवटचा थांबा आला की ताईंनी भिंतीकडे बघायचं आणि माणसांनी उतरायचं. आपल्यावर दया दाखवली, असं कुणाला वाटू नये यासाठी ताई उलट त्यांच्यावर जास्तच खेकसायच्या. ब्रेकमामांना आरशात सगळं दिसायचं.

"ताई, गाडी भरलीय का रिकामी?" ते विचारायचे.

"भरलीय."

"मग मशीनमध्ये तिकिटं का दिसत नाहीत?"

"मशीनला डोळे नसतात, मामा. तुम्ही पुढे बघा."

ताईंच्या घरी तीन बायका. त्या स्वतः, कॉलेजात शिकणारी लेक आणि सासूबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले होते, दात निम्मे गेलेले होते, पण जीभ शाबूत होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ ठेवून त्या दिवसभर सरकारशी भांडायच्या. त्या वर्षी राज्याचा अर्थसंकल्प सांगायला मंत्री रेडिओवर आले. म्हणाले, कारखाने बंद, दुकानं ओस, त्यामुळे कर आटलेत. राज्याला मर्यादेपलीकडे कर्ज काढता येत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर कर वाढवावा, तर ते आपली दुकानं उचलून शेजारच्या राज्यात जातील. अडीअडचणीसाठी ठेवलेली गंगाजळी आहे, पण तिला हात लावायला मन धजत नाही. तेव्हा प्रत्येक खात्यानं हात आखडता घ्यावा, हाच एक मार्ग उरतो.

"थंडी पडली म्हणून पांघरूण विकायला काढणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकतेय," सासूबाई रेडिओला म्हणाल्या. "आणि ती गंगाजळी काय लोणच्यासारखी मुरायला ठेवलीय?"

ताई हसल्या. सरकार म्हणजे राजधानीत असतं, आपण इथं बसमध्ये असतो, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

पंधरवड्यात डेपोच्या फळ्यावर सूचना लागली. ज्या मार्गांवर बसगाड्या रिकाम्या धावतात, ते मार्ग बंद होणार. पहिलंच नाव सतरा नंबरचं. ताईंना आधी हसूच आलं. रिकामी? सकाळच्या फेरीला पाय ठेवायला जागा नसते! त्यांनी मागे वळून ब्रेकमामांना हे सांगायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. मामा त्यांच्याकडेच बघत होते.

बस रिकामी ताईंनीच केली होती. एकेक माणूस आत घेऊन, त्याला बाकावर बसवून, त्यांनी ती मशीनपुरती रिकामी केली होती. राजधानीत बसलेल्या माणसाला तिकिटं दिसतात, माणसं दिसत नाहीत. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्याच पायाखालची बस आता निघून जाणार होती. नोंदणी कार्यालयात हजेरी चुकली की नाव कटायचं, आणि तिथवर चालत जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. ताईंना स्वतःचा इतका राग आला, की त्या दिवशी त्यांनी कुणालाही आत सरका म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मनाशी पक्कं ठरवून बसमध्ये चढल्या. आज प्रत्येकाला तिकीट. सांगायचं, बाबांनो, घ्या, नाहीतर बस जाईल. पहिलाच फिटर होता. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, मग पँटच्या.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "उतरताना घेते."

पुढे मामांनी जोरात ब्रेक मारला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्याच आठवड्यात एक नवी बाई बसमध्ये चढली. चपलेची झिजलेली टाच, बंद तुटून गाठ मारलेली पिशवी, डोळ्यांखाली काळं. ताईंनी तिला एका नजरेत ओळखलं. मंदीनं असे चेहरे त्यांना भरपूर दाखवले होते. बाईनं पिशवीत हात घातला तशा ताई म्हणाल्या, "असू द्या, उतरताना घेते."

"आत्ताच घ्या की," बाई गोंधळून म्हणाली.

"बसा हो. पहिल्यांदाच चाललात ना? मग ऐका. कार्यालयात एक नंबरच्या खिडकीवर जाऊ नका, तो माणूस अंगावर येतो. दोन नंबरचा बरा आहे, नीट बोलतो. आणि रडू बिडू नका तिथं, एक नंबरवाल्याला त्यानं आणखी चेव येतो."

बाई बसली. वाटभर ती मागे वळून वळून माणसं बघत होती. शेवटच्या थांब्यावर ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बस रिकामी झाली. पण ती बाई जागची हलली नाही.

"ताई, मला उतरायचं नाहीये," ती म्हणाली. "मी परिवहन खात्यातून पाहणीला आलेय. रिकामी बस बघायला पाठवलं होतं मला. बसायला मिळाली ती शेवटची जागा होती."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मामांनी इंजिन बंद केलं.

बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ताईंना उत्तर देता आलं असतं. तिनं थकलेल्या आवाजात सांगितलं, "जे पाहिलं ते कळवलं तर मार्ग वाचेल. बस भरलेली असते, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण तिकिटं का नाहीत, तेही सांगावं लागेल, आणि मग तुमच्या नोकरीचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे. नाही कळवलं तर सतरा नंबर बंद. तुम्ही दुसऱ्या मार्गावर जाल, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"मधला मार्ग नाही का काही, मॅडम?"

"मी तोच शोधत गावोगाव फिरतेय. काहीतरी बंद करून ये, एवढंच सांगून पाठवलंय. आमच्या खात्यावरही कात्री फिरतेय. पुढच्या वर्षी मी स्वतः कुठल्या बसमध्ये असेन, देव जाणे."

ताईंच्या ओठांवर आलं होतं, नका कळवू. लेकीचं कॉलेज, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबाल?"

"थांबते," बाई म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन ताईंनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी हात वर करून रेडिओ बंद केला. बातम्या चालू असताना त्यांनी रेडिओ बंद केल्याचं त्या घरानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या गुडघे चोळत बसल्या.

"चुकलंच माझं, आई," ताई म्हणाल्या.

"चुकलं तर चुकलं. मंत्र्यांचं रोज चुकतं, ते कुठं रडतात?" सासूबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अगं, सतरा नंबर बंद झाली तर मी दवाखान्यात काय तुझ्या पाठुंगळी बसून जाऊ? आणि माझ्यासारख्या किती म्हाताऱ्या आहेत, त्यांना कुणाच्या पाठी आहेत? सांग तिला, कळव म्हणावं. आपण दोन घास कमी खाऊ. मला तसंही चावता येत नाही."

दोघीही हसल्या, आणि हसता हसता ताईंना रडू कोसळलं. सासूबाईंनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी ताई त्या बाईला एवढंच म्हणाल्या, "कळवा."

बाईनं कळवलं, आणि शब्द पाळला. सतरा नंबर राहिली. नुसती राहिली नाही, तर बाईनं खात्यात भांडून एक नवी गोष्ट करून घेतली: शून्याचं तिकीट. नोंदणी कार्यालयाचं कार्ड दाखवणाऱ्या बेरोजगाराला मशीनमधून तिकीट मिळेल, पैसे पडणार नाहीत, पण माणूस मोजला जाईल. मंत्र्यांनी ही कल्पना रेडिओवर आपलीच म्हणून सांगितली. त्यावर सासूबाई जे बोलल्या ते इथं न सांगितलेलं बरं.

ताईंना मात्र वाचवता आलं नाही. बाई चौकशीत त्यांच्या बाजूनं बोलली, मामा बोलले, पण विनातिकीट माणसं नेणाऱ्या कंडक्टरला नियमात माफी नव्हती. शिवाय कामावरून कमी करायला खातं माणसं शोधतच होतं. आपल्या पायांनी चालत आलेलं माणूस त्यांनी कशाला परत पाठवावं? ताईंनी गणवेश धुऊन, इस्त्री करून डेपोत जमा केला. त्यांच्या जागी निम्म्या पगारावर कंत्राटी माणूस आला.

काही आठवडे ताई घरातून बाहेर पडल्या नाहीत. मग साठवलेलं संपत आलं आणि नोंदणी कार्यालयात नाव घालायला जाणं भाग पडलं. तिथं जायला बस एकच. घराजवळच्या थांब्यावर सतरा नंबर आली. मामांनी त्यांना लांबूनच ओळखलं असणार, कारण गाडी थांब्याच्या कितीतरी अलीकडे हळू झाली.

ताई चढल्या. समोर कंडक्टरच्या गणवेशात, पोटावर बटणं ताणलेली, भरघोस मिशांचा फिटर उभा होता.

त्याला बघून ताईंना क्षणभर कसंतरी झालं. पण त्याची अवस्था त्यांच्याहून वाईट होती. त्याची मान वर होईना. बसमध्ये माणसं दाटीनं बसली होती आणि सगळी त्या दोघांकडे बघत होती.

"दार काय तुमच्या नावावर केलंय, ताई?" फिटर पुटपुटला. "आत या."

पुढच्या बाकावरच्या माणसानं उठून त्यांना जागा दिली. शून्याच्या तिकिटासाठी कार्ड लागतं आणि कार्ड तर अजून काढायचं होतं, म्हणून ताईंनी पर्स उघडली. आतला एक कप्पा पाहिला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. आणि फिटरला हे दिसतंय, हे लक्षात येऊन त्यांचे कान तापले.

मशीन टरकन वाजलं. घडी घातलेलं तिकीट त्यांच्या हातात आलं.

"कार्ड उतरताना बघतो," फिटर म्हणाला आणि पुढे सरकला. पुढच्या माणसालाही तेच म्हणाला, त्याच्या पुढच्यालाही. चारचौघांत कार्ड बाहेर काढायला तो कुणालाच लावत नव्हता.

शेवटचा थांबा आला. माणसं उतरायला लागली. ताई सगळ्यांत मागे राहिल्या. दारापाशी येऊन थांबल्या तेव्हा फिटर खिडकीतून भिंतीकडे बघत होता.

"नोकरी जाईल अशानं," ताई म्हणाल्या. "आणि त्या भिंतीवर काही नाहीये. मी रोज बघायचे."

"माहीत आहे, ताई," भिंतीवरची नजर न काढता फिटर म्हणाला. "मी पण रोज बघायचो. तुमच्या मागून."

ताई उतरल्या आणि दोन नंबरच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.