थोरल्या सिस्टरांची डबी

तातडीच्या विभागातल्या थोरल्या सिस्टरांच्या खिशात सदैव एक झाकणाची डबी असे. गुदमरत आलेल्या माणसाची कवळी धांदलीत चादरीबरोबर धुलाईला जाई आणि बरा झालेला जीव महिनाभर नुसते पातळ पीत बसे. हे त्या माउलीला सोसवेना. म्हणून ती डबी, म्हणून ‘कवळीबाई’ हे नाव आणि म्हणूनच रोजची थट्टा.

“हसा, हसा! हसतील त्यांचे दात दिसतील,” त्या म्हणत, “आणि ते कोणाचे, हे मला ठाऊक असेल!”

एका सकाळी एक आजोबा आले. छाती भात्यासारखी चालली होती. पाहता पाहता तोही भाता थकला. मागून धावत आलेल्या आजींनी रुमालात बांधलेली आजोबांची कवळी सिस्टरांच्या हाती दिली. ती डबीत विसावली.

डॉक्टर तरुण, नवे, हाताचे हुशार. श्वासनलिकेत नळी घालायची होती. पण त्याआधी तोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून प्राणवायू भरायला हवा. मास्क काही बसेना! बोळक्या तोंडाचे गाल आत ओढलेले, हवा कडेने फुस्सकन निसटे. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा नव्वद, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. दारातल्या आजींच्या तोंडचे पाणी पळाले.

“दात बसवते,” सिस्टर म्हणाल्या.

“अहो सिस्टर, अशा वेळी कवळी काढतात!”

“नळी घालताना काढू, डॉक्टर. आत्ता गालांना आधार हवाय.”

डबी उघडली. दात बसले, गाल भरले, मास्क चिकटला. पिशवी दाबली आणि छाती उचलली! अहाहा, काय तो सोहळा! जो श्वास घेताना आपण देणाऱ्याला विसरतो, तोच तिथे ओंजळीओंजळीने वाढला जात होता. आकडा पंच्याण्णववर चढला. मग कवळी पुन्हा डबीत, नळी नेमकी श्वासनलिकेत आणि छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलू लागल्या.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली.

“अहो, बोला ना काहीतरी!” आजी विनवू लागल्या.

आजोबांनी आधी हात पुढे केला. सिस्टरांनी डबी दिली. कवळी नीट बसवून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “दातांवाचून हाक मारली असती, तर ओळखलं असतंस का?”

“बेचाळीस वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय. ते दातांवाचूनच असतं!”

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने हसले डॉक्टर. आणि त्यांच्या खिशातून एक नवी कोरी, रिकामी डबी टणकन जमिनीवर पडली.