रंकाळ्यावरचं ऊन ऐकताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला लागले, त्याच सुमारास माझ्या आत्याची नजर पूर्ण गेली. काचबिंदू बरीच वर्षं ती कडेकडेनं कुरतडत होता. शेवटी मधलाही तुकडा राहिला नाही. आत्या एकटी राहायची, म्हणून आम्ही तिला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आणलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची सगळी नोकरी झालेली, त्यामुळं आवाज खणखणीत. पण आमच्याकडं आल्यावर ती गप्पच झाली. खिडकीजवळच्या कॉटवर पडून राहायची आणि मधेच विचारायची, "उजाडलं का गं?" एकदा तिनं हे भर दुपारी विचारलं, तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात निघून गेली होती.

आमच्या कारखान्यात भट्ट्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनायची. लोखंड वितळवून ओतणाऱ्या एका फौंड्रीची तक्रार होती की भट्टीचं तापमान पॅनेलवर नीट दिसत नाही, आकडा सारखा नाचतो. भट्टीजवळचा सेन्सर तापमानाचं व्होल्टेज करून पाठवायचा. पण वायर लांब, वाटेत मोटारी आणि क्रेन, त्यांचा सगळा गोंधळ त्या व्होल्टेजमध्ये मिसळायचा. साहेब म्हणाले, "व्होल्टेज पाठवूच नको. त्याची फ्रिक्वेन्सी कर, जास्त व्होल्टेज म्हणजे जलद ठोके. ठोके कितीबी मळले तरी मोजता येतात की. पण आधी कॉम्प्युटरवर चालवून दाखव, मगच सोल्डरिंगला हात लाव."

म्हणून त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी आत्याच्या कॉटशेजारी लॅपटॉप घेऊन बसले. सर्किट काढून झालं. सिम्युलेशन चालू केलं. पडद्यावर एक सरळ रेघ आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच गेली. एक भाग बदलला, दुसरा बदलला. पुन्हा रेघ. बाहेर गल्लीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, पंखा फिरत होता, आणि माझे डोळे जड व्हायला लागले होते.

"काय करालीस गं मघापासनं? सारखी उसासे टाकतीस," आत्या म्हणाली.

तिला कसं सांगावं कळेना. तरी सांगितलं. सर्किटच्या आत एक कपॅसिटर आहे, वीज साठवणारा. व्होल्टेज आलं की तो भरत जातो. ठरलेल्या खुणेपर्यंत भरला की सर्किट त्याला रिकामा करतं, आणि रिकामा होताना एक ठोका बाहेर पडतो. मग तो पुन्हा भरायला लागतो. व्होल्टेज जास्त असलं की लवकर भरतो, म्हणून ठोके जवळजवळ येतात. कमी असलं की लांब लांब.

"मग आता काय अडलंय?"

"सुरूच होत नाहीये. सगळं बरोबर आहे, पण नुसतं बसून राहिलंय."

आत्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोळा लागला. मग छताकडं तोंड करून म्हणाली, "बसलेल्याला कुणीतरी उठवाय लागतंय की."

ती सर्किटबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पण मला एकदम उमगलं. खऱ्या सर्किटमध्ये कुठली ना कुठली बारीक थरथर असतेच, तेवढ्यानं ते चालू होतं. कॉम्प्युटरमधल्या सर्किटला कसलाच स्पर्श नसतो. तिथं सगळं इतकं तोलून धरलेलं की कुणी हलतच नाही. मी कपॅसिटरला सुरुवातीलाच थोडंसं व्होल्टेज देऊन ठेवलं आणि पुन्हा चालवलं. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी लाट उमटली आणि प्रत्येक दात्याखाली एक ठोका.

"चाललं!" मी ओरडले.

"मला कुठं दिसतंय? ऐकव की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमधून लाटेची ध्वनिफीत काढता येत होती. मी व्होल्टेज हळूहळू वाढत जाईल असं केलं, फीत काढली आणि आत्याच्या कानाशी लॅपटॉप धरला. खोल घरघर सुरू झाली, तिचा स्वर झाला, आणि स्वर वर वर जात राहिला. आत्याचा हात कॉटवरून आपोआप उचलला गेला. कुणाला तरी जिना दाखवावा तशी तिची बोटं हवेत चढत गेली.

"हे डायल टोनचं धाकटं भावंड हाय," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली.

पुढच्या आठवड्यात मी खरं सर्किट जुळवलं. तापमानाचा सेन्सर अजून यायचा होता, म्हणून चाचणीसाठी उजेड ओळखणारा एक सेन्सर लावला आणि एक छोटा स्पीकर. सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि सकाळी आत्याच्या हातात दिलं. डबी कुणकुणत होती. तिनं ती भिंतीकडं धरली, स्वर खाली आला. खिडकीकडं वळवली, स्वर उंच गेला. तिनं परत भिंत, परत खिडकी. मी खिडकीसमोरून गेले तर म्हणाली, "सर बाजूला. उजेडात आलीस."

मग ढग आला असावा. मला खोलीत काही फरक दिसला नाही, पण डबीचा आवाज जरासा उतरला आणि परत चढला. आत्यानं मान वर केली.

"ऊन गेलतं व्हय आत्ता?"

"गेलं असेल. माझ्या लक्षात नाही आलं."

तापमानाचा सेन्सर आल्यावर फौंड्रीत तसंच दुसरं सर्किट बसलं, आकडा नाचायचा थांबला आणि साहेबांनी मला चहा पाजला. पण त्या दिवसांतलं माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. आत्या एके दिवशी आपण होऊन म्हणाली, "मला रंकाळ्यावर न्हे."

आम्ही तलावाच्या कट्ट्यावर बसलो. ऊन कलतं होतं. आत्यानं डबी पाण्याकडं धरली आणि मी असं काही कधी ऐकलं नव्हतं. स्वर एका जागी ठरेना. पाण्यावरची चकाकी जशी हलत होती तसा तो थरथरत, तुटत, जुळत होता. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ जवळ सरकले.

"बाई, काय वाजालंय ओ ते?"

"ऊन हाय. पाण्यावरचं," आत्या म्हणाली.

"व्हय? मग मलाबी ऐकवा की."

त्यांनी डबी हातात घेतली आणि डोळे मिटले. त्यांना दिसत होतं, तरी मिटले. नंतर डबी आत्याच्या ओंजळीत ठेवली आणि काठी टेकत निघून गेले.

सूर्य खाली गेला तसा स्वरही उतरत गेला. मग तो स्वर राहिलाच नाही, सुटे ठोके ऐकू यायला लागले. एक, मग जरा थांबून एक, मग आणखी थांबून. पलीकडच्या झाडांवर बगळे उतरत होते. मी पिशवीतली शाल आत्याच्या खांद्यावर टाकली आणि निघायला उठले.

"आता बसतीस का जरा गप?" ती म्हणाली. "अजून हाय थोडं."