लेनला न मिळालेली गोळी

लेन पेनहॉलने चाळीस वर्षं मूंटा गावच्या धान्यकोठारावर बार्लीची प्रत ठरवली. एकाहत्तराव्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला, तोही झपाट्याने बळावणारा. ॲडलेडला आमच्या इस्पितळात तेव्हा दोन उपचारांची तुलना चालू होती. निम्म्या रुग्णांना नेहमीचं इंजेक्शन, निम्म्यांना त्याच्या जोडीला नवी गोळी. कुणाला काय, ते संगणक ठरवणार. मी तिथली नर्स.

लेनच्या वाट्याला नुसतं इंजेक्शन आलं.

"जुन्याच औषधासाठी दीडशे किलोमीटर तुडवायचे?" त्याची बायको नोलीन उखडली. "गोळी माग ना! तोंड शिवलंय का तुझं?"

"मागून मिळत नाही गं ती. आणि सगळ्यांनीच गिळली तर ती बरी की वाईट, कळणार कसं? वर टपोरा दाणा आणि खाली किडका, असे ट्रक मी काय कमी पाहिलेत?"

नोलीनला ते पटलं नाही. दर महिन्याच्या फेरीला तिचं तेच टुमणं.

शेजारच्या खुर्चीत थेल्मा बसायची, निवृत्त संगीतशिक्षिका. तिला गोळी मिळाली होती, म्हणून नोलीन तिच्याशी धड बोलायचीही नाही. तिसऱ्या महिन्यात थेल्माच्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या, ताप चढला आणि चार दिवसांत ती गेली. नोलीन गप्प झाली, पण महिनाभरच.

अकराव्या महिन्यात लेनचं रक्त पुन्हा बिघडलं. डॉक्टरांनी उपचार थांबवले. त्या तुलनेच्या नियमाप्रमाणे हाडातल्या मज्जेची एक तपासणी उरली होती.

"ही नाही केली तरी चालेल, लेन," मी म्हटलं. "तुम्हाला तिचा काही उपयोग नाही. दुखेल मात्र."

"तुमच्या कागदावर माझी जागा रिकामी राहील ना? मग बोलाव डॉक्टरांना, पोरी."

तो कुशीवर वळला. कमरेच्या हाडात सुई शिरली तेव्हा त्याने माझी बोटं करकचून आवळली.

जूनमध्ये तो मूंटाला, आपल्या घरी गेला तो तिथेच वारला.

निकाल यायला आणखी दोन वर्षं लागली. दोन्ही गटांतली माणसं जवळजवळ सारखीच जगली होती. मी नोलीनला फोन केला.

"म्हणजे गोळी मिळाली असती, तरी..."

"बहुधा काही फरक पडला नसता, नोलीन."



"शेवटच्या फेरीलासुद्धा मी त्याला भेकड म्हणाले गं. गाडीत. त्याने उलटून एक शब्द काढला नाही."

मग तिने फोन ठेवला.