रफिकची लायब्ररी काही ठरेना

युनूसचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या माझ्या छापखान्यात त्याच्या थोरल्या भावाच्या, रफिकच्याच नावानं खडे फोडत बसलो होतो. कागद कापून तयार, मजकूर लागलेला, आणि या बाबाचे आलेख अजून येतायत. वाटलं, स्वतःला तोंड नाही म्हणून धाकट्याला पुढं केलंय. "दादा, भाई गेले," युनूस म्हणाला. छातीत कळ आली, शिरूरच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही...

रफिक रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी हा न्हावऱ्यातल्या चार विहिरींत टेप सोडून पाणी मोजायचा, कित्येक वर्षं. नव्या बोअरमुळं जुन्या विहिरी आटतात की नाही, यावरून गावात नुसती भांडणं. त्याला ग्रामसभेपुढं छापील पुस्तिका ठेवायची होती. छपाई काळ्या शाईत, आलेख अगदी साधे. पण ते कॉम्प्युटरनंच काढायचे, आणि त्यासाठी तयार कोडची जी 'लायब्ररी' मिळते ती नीट पारखून घ्यायची. पारखायची म्हणजे किती? एकीत रेघा रंगीत. छापल्या की चारही विहिरी सारख्याच काळ्या. दुसरीत मराठी अक्षरांच्या वेलांट्या भलतीकडेच. तिसरी नुसता फोटो द्यायची, मोठा केला की रेघ फुटायची. दर वेळी मी नमुना काढायचा आणि यानं भिंग लावून नाक मुरडायचं. तुम्हाला बघायला आला तेव्हा तरी एवढं बघितलं होतं का, असं मी भाभींना विचारलं. त्या हसल्या, हा नाही.

चौथी झकास निघाली. मी प्लेट करायला घेतली, तर हा अडून बसला. अम्मी आजारी असताना मोजणी झाली नव्हती, आणि लायब्ररीनं मधली जागा सरळ रेघेनं जोडून टाकली होती. मी म्हणालो, असू दे, कोण बघतंय?

"जवा मोजलंच न्हाई, तवाचं पानी हिनं कुठनं आणलं? एकानं जरी इचारलं, तर बाकीचं बी खोटं ठरंल."

आणि निघाला पाचवी शोधायला. तीच शेवटची भेट.

चाळिसाव्याला न्हावऱ्याला गेलो, तर युनूसनं रफिकचा लॅपटॉप हातात दिला. मोजणी त्यानं पुन्हा धरली होती. येत्या ग्रामसभेत पुस्तिका पाहिजेच, म्हणाला. दौंडला येऊन मी युनूसचे आकडे भरले आणि चौथीच लायब्ररी चालवली. रफिक गेल्यापासून युनूसनं टेप हातात घेईपर्यंतचे गुरुवारही तिनं बेधडक जोडून टाकले. डोकंच फिरलं माझं... त्या दिवसांत कुणी विहिरीकडं फिरकलंसुद्धा नव्हतं. मग लग्नपत्रिका ज्यात जुळवतो त्याच सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली आणि ती रेघ पुसली. अम्मीच्या आजारपणातलीही पुसली. चहा निवायच्या आत काम झालं. एवढंच होतं तर मला सांगायचंस ना, गाढवा. कशाला पाचवी शोधत बसलास?

आता पान तयार आहे. रेघ तुटेल तिथं खाली कारण द्यायचं, असं त्यानंच ठरवलेलं. पहिल्या जागेखाली 'अम्मी आजारी' त्यानंच लिहून ठेवलंय. दुसरीखाली दोन शब्द टाकले की पुस्तिका मशीनवर चढेल. मशीनमन सकाळपासून तीनदा विचारून गेला. माझ्यानं ते दोन शब्द टाइप होत नाहीत.