साफ करून आणलेली कॅसेट

महेशचा फोन आला तेव्हा धसईच्या माझ्या घरी कुरियरवाला दारात उभा होता. एका हातानं सही केली, दुसऱ्या हातानं फोन कानाला धरला. "काका, बाबा गेले सकाळी... झोपेतच," एवढंच तो बोलला. महेश हा माझ्या मित्राचा, अनंताचा मुलगा. पार्सलात ब्ल्यू-रे डिस्क होती, हातानं काढलेल्या चित्रांचा एक जुना परदेशी कार्टूनपट, वर्षभर शोधून मिळवलेला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ही दाखवायची कोणाला? या गोष्टीला दीड महिना झाला. पार्सल अजून फोडलेलं नाही.

अनंताचं शहापूरच्या बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, घर सापगावला. मी तेव्हा शहापुरात शाळामास्तर होतो. बिघडलेला व्हीसीआर घेऊन त्याच्याकडे गेलो, तर हा मिशीवाला गडी गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर कार्टून लावून बसलेला. तिथून जमलं. पुढं तीस वर्षं आम्ही कार्टूनपट जमवले आणि ते कशावर जमवावेत यावरून भांडलो. शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत असल्या गोष्टीवर भांडायला दुसरा माणूस मिळणं शक्यच नव्हतं. व्हीसीडी आली तेव्हा ती टाकाऊ यावर तेवढं आमचं एकमत झालं, कारण एका सिनेमाचे दोन तुकडे, आणि सिनेमात पाऊस लागला की चित्राच्या नुसत्या चौकटी. मग डीव्हीडी आली आणि मी माझ्या कॅसेटी भंगारात दिल्या. त्यानं एकही दिली नाही. "तुझ्या डीव्हीडीला ओरखडा पडला की ती अडून बसते, मास्तर. माझी कॅसेट मुंग्या दाखवत का होईना, पुढं तरी जाते." पावसाळ्यात फितीला बुरशी धरते म्हणून दिवाळीआधी तो प्रत्येक कॅसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्यायचा. वाळवणं घातलीस काय रे, म्हणून मी चिडवायचो.

एकदा दुकानात दोन टीव्ही शेजारी ठेवून एकावर जुनी डीव्हीडी आणि दुसऱ्यावर त्याच सिनेमाची नवी ब्ल्यू-रे लावली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मी म्हटलं, रंग बघ, रेघ बघ! तो बराच वेळ बघत राहिला. "लय घासलंय रे. आधी पेन्सिलीची खरखर दिसायची, ती पण पुसली. काढणाऱ्याचा हातच नाय राहिला." गाढवाला गुळाची चव काय, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. तो हसला... त्याला माझा राग कधी आलाच नाही, आणि तेच आता सहन होत नाही.

त्याच्याकडच्या बऱ्याच कॅसेटी टीव्हीवरून भरलेल्या होत्या. रविवारी दुकानात गर्दी, म्हणून घरी त्याची बायको, पुष्पावहिनी, भरायच्या. जाहिरात लागली की त्या बटण दाबून थांबवायच्या, संपली की पुन्हा सुरू. हात अगदी नेमका. फक्त म्हाताऱ्या घड्याळजीच्या आणि त्याच्या मांजराच्या सिनेमात, मांजर मनोऱ्यावर चढतं तिथं, दोन अख्ख्या जाहिराती राहून गेल्या होत्या. "पुढं ढकल रे ते!" मी दरवेळी खेकसायचो आणि तो निमूट पुढं ढकलायचा.

वहिनी गेल्या. त्यानंतर तीनेक वर्षांनी अनंताच्या पासष्टीला काहीतरी झकास द्यावं म्हणून मी तीच कॅसेट गुपचूप कल्याणला नेली, डीव्हीडी करून घेतली, जाहिराती कापून घेतल्या. जुनी परत हवी का, दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, नको, टाकून द्या. विचार करायला क्षणभरही थांबलो नाही.

सापगावला आम्ही दोघांनी मिळून ती डीव्हीडी पाहिली. मांजर मनोऱ्यापाशी आलं तसा अनंता पुढं सरकून बसला. मांजर वर चढून गेलंसुद्धा.

"जाहिराती?"

"एकूण एक काढल्या. साफ!"

"आणि कॅसेट?"

"फेकली. आता काय करायचीय ती?"

त्यानं डीव्हीडीचं रिकामं कव्हर मिटून ठेवलं. मग "बरं केलंस," म्हणाला आणि चहा टाकायला उठला. त्यानंतर भेटी तशाच, भांडणं तशीच. ती डीव्हीडी मात्र त्यानं पुन्हा लावलेली मी पाहिली नाही, आणि का लावत नाही ते विचारलंही नाही.

बाराव्याला महेश माझ्याशेजारी येऊन बसला. "काका, ती मांजराची कॅसेट कुटं गावतच नाय. दोन जाहिराती होत्या ना तिच्यात? आईनं तवा दूध ठेवलेलं गॅसवर. उतू गेलं म्हणून ती आत पळाली, नि बटण दाबायचं राहिलं. बाबा एकटे बघत बसायचे ना, तवा ती जाहिरात लागली की दरवेळी बोलायचे, दूध उतू गेलं. नि हसायचे." मग म्हणाला, "मी इचारलं, तर बोलले, माझ्याच हातून हरवली."

मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि मनातच म्हणालो, महेश, ती हरवली नव्हती. ती मी टाकली. तुझ्या बाबांनी शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही.

व्हीसीआर आणि उरलेल्या कॅसेटी महेशनं मलाच दिल्या, तुमच्याशिवाय कोण बघणार म्हणून. मुरबाडला एसटी बदलून दोन खेपांत आणल्या. मी एकटा राहतो, वेळ भरपूर आहे. रोज दुपारी एक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो. चित्राकडे लक्ष कमीच असतं, मी वहिनींची चूक शोधत असतो. पण जाहिरातीचं पहिलं चित्र जेमतेम चमकतं आणि सिनेमा पुन्हा सुरू होतो. बावीस कॅसेटी अशाच गेल्या.

गेल्या मंगळवारी तेविसावी लावली. खोबरेल तेलाची जाहिरात लागली आणि थांबली नाही. ती संपून दुसरी लागली, मग तिसरी. मी बटणाला हात लावला नाही. वहिनी कशासाठी उठल्या असतील? दारावर कोणी आलं होतं, की महेश कुठं पडला होता? अनंताला नक्की ठाऊक असणार. त्यानं सांगितलंही असतं, पण मी कधी एक जाहिरात पुरी होऊ दिली नाही. सिनेमा पुन्हा सुरू झाला तशी मी फीत मागं नेली. पुन्हा खोबरेल तेल लागलं तेव्हा मी त्या रिकाम्या घरात मोठ्यानं विचारलं, "अनंता, इथं काय उतू गेलं होतं रे?"